ग्रँथमच्या हाय स्ट्रीटवरचं एंजल अँड रॉयल : कमानीवरून वाचता येणारं हॉटेल

ट्रेंटकाठ

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज सुट्टी आहे म्हणून बसलोच. मी नॉटिंगहॅमला राहतो, दोन वर्षांपूर्वी एडिनबराला जायला निघालो होतो तर वाटेत ग्रँथमला, म्हणजे लिंकनशरमधल्या एका बाजारगावाला, बदलायची गाडी रद्द झाली, पुढची तीन तासांनी, पाऊस नुसता भुरभुरत होता. स्टेशनात बसून काय करायचं म्हणून चालत गावात गेलो आणि हाय स्ट्रीटवर एका दगडी कमानीखाली आडोशाला उभा राहिलो. पाच-दहा मिनिटं झाल्यावर मान वर केली तर कमानीच्या बरोबर माथ्यावर एक छोटा देवदूत, दोन्ही हातात मुकुट धरलेला, सोन्याचा मुलामा दिलेला, आणि त्याच्या डोक्यावर आख्खी खिडकी तोललेली! म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेल्या खिडकीचा आधारच तो देवदूत आहे. तेव्हापासून चार वेळा जाऊन आलोय त्या इमारतीसाठी.

तर हे एंजल अँड रॉयल हॉटेल. रस्त्याकडचं तोंड १५व्या शतकाच्या शेवटाकडचं, पूर्ण घडीव दगडाचं. गंमत अशी की मधे कमान, तिच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून वरपर्यंत गेलेल्या दोन बाहेर आलेल्या खिडक्या आणि कमानीवर तो देवदूतवाला झरोका, एवढंच आहे. दोनच मजले. पण रस्त्यापलीकडे उभं राहून बघितलं की कळतं की बांधणाऱ्यानं सगळा खर्च रस्त्याच्या बाजूला केलाय. मागे गेलात तर अंगणाच्या दोन्ही बाजूंना साध्या विटांच्या लांबच लांब इमारती, त्या १८व्या शतकातल्या, घोडागाड्यांचा धंदा वाढला तेव्हाच्या. तोंड दगडाचं आणि पाठ विटांची.

आता माझा मुद्दा. आपण अशा इमारतींकडे खिडक्या, कोरीवकाम, कोणता राजा येऊन गेला असं बघत जातो. मला वाटतं आधी कमान बघावी, कारण ही हॉटेलं मुळात रस्त्याची इमारत आहेत. हा रस्ता म्हणजे ग्रेट नॉर्थ रोड, लंडन ते एडिनबरा. घोडे दर १०–१५ मैलांवर बदलावे लागायचे, गाडी रस्त्यात उभी करून चालायचं नाही, म्हणून गाडी आत गेली पाहिजे, म्हणून घराच्या मधोमध भोक पाडलेलं पाहिजे, आणि ते भोक पाडलं की वरचा मजला कशावर उभा करायचा, खोल्या दोन भागात तुटल्या तर एकमेकांना कशा जोडायच्या, हे सगळे प्रश्न आले. सगळा प्लॅन त्या एका भोकातून निघालाय. एंजलमध्ये उत्तर असं काढलंय की वरच्या मजल्यावर कमानीवरून आरपार एकच मोठी खोली नेलीय, तिला राजाची खोली म्हणतात.

खालच्या खिडकीच्या कोनाड्यात बसून मी चहा घेतला. वर बघाल तर त्या एवढ्याशा कोनाड्यालाही चर्चसारखं दगडी छत आहे, बरगड्या वळवून मधे गाठ मारलेलं. केवढं असेल, तर उघडलेल्या छत्रीएवढं. मी हात वर करून एका बरगडीवर बोट फिरवलं, कडा अजून हाताला लागते. पाचशे वर्षं!

इथे इंग्लंडात राहणाऱ्या कोणी अशी हाय स्ट्रीटवरची जुनी हॉटेलं बघितली असतील तर नक्की लिहा.

खडूफळा

मस्त धागा! एक अगदी प्राथमिक प्रश्न, हाय स्ट्रीट म्हणजे नेमकं काय, उंचावरचा रस्ता का? आणि १५व्या शतकात हॉटेल कसं काय, तेव्हा लोक फिरायला जायचे का?

ट्रेंटकाठ

@खडूफळा, उंचीशी संबंध नाही हो, हाय म्हणजे मुख्य. आपल्याकडे मेन रोड म्हणतो किंवा जुन्या गावात बाजारपेठ म्हणतो तसं. प्रत्येक गावाला एक असतोच.

आणि हॉटेल हा शब्द नंतरचा, तेव्हा इन, म्हणजे मुक्कामाची खाणावळ. फिरायला नाही, व्यापारी, सरकारी माणसं, यात्रेकरू, आणि राजा स्वतः लवाजमा घेऊन सतत हिंडत असायचा. ही जागा त्याआधी नाइट्स टेम्प्लरांची, म्हणजे धर्मयुद्धांच्या काळातल्या लढवय्या संन्याशांच्या पंथाची, होती असं सांगतात, हॉटेलवाले स्वतःचा इतिहास १२०३ पासून मोजतात, आणि जॉन राजानं १२१३ मध्ये इथे दरबार भरवला अशी परंपरा आहे. अर्थात आज दिसतं ते तोंड त्यानंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी बांधलेलं.

नुसतं एंजल नाव होतं, पुढचं 'रॉयल' १८६६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स येऊन गेले म्हणून चिकटलं, तेच नंतरचे राजे सातवे एडवर्ड.

मोडीवाचक

लेख आवडला. राजाची खोली आली म्हणून एक भर घालतो, कारण यात नेहमी घोळ होतो. राजा तिसऱ्या रिचर्डनं ड्यूक ऑफ बकिंगहॅमच्या मृत्यूदंडावर या हॉटेलात सही केली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. घडलं ते असं : ऑक्टोबर १४८३ मध्ये बकिंगहॅमनं बंड केलं तेव्हा रिचर्ड लिंकनला होता. तिथून १२ ऑक्टोबरला त्यानं चॅन्सेलरला, म्हणजे राजमुद्रा सांभाळणाऱ्या मंत्र्याला, पत्र पाठवून ती मुद्रा मागवली. पत्र कारकुनानं लिहिलेलं आहे पण खाली आणि समासात रिचर्डनं स्वतःच्या हातानं रागारागानं भर घातलीय, बकिंगहॅमसारखा विश्वासघातकी प्राणी जगात नाही अशा अर्थाची. ते पत्र आजही लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहे. ती राजमुद्रा त्याच्या हातात पडली ती १९ ऑक्टोबरला, ग्रँथमला, एंजल इनमधल्या त्याच्या खोलीत. २ नोव्हेंबरला सॉल्झबरीत बकिंगहॅमचं डोकं उडवलं.

म्हणजे सही-बिही ही नंतरची सजावट, पण मुद्रा इथे आली हे खरं, आणि माझ्या मते तेच जास्त मोठं आहे. मुद्रेशिवाय राजाचा हुकूम चालत नाही, आणि ती जिथे पोचली ते तात्पुरतं सरकारच झालं की. पेशव्यांच्या स्वारीत शिक्के-कटार जिथे मुक्काम तिथे दफ्तर, तसंच.

ट्रेंटकाठ

@मोडीवाचक, मनापासून धन्यवाद! हॉटेलातली माहिती वाचून मीही सहीच धरून चाललो होतो. आता वरची खोली वेगळ्याच नजरेनं बघेन.

दिंडीदरवाजा

मी पुण्यात वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करते, म्हणून वाचताना सारखा वाडाच डोळ्यासमोर येत होता. बघा ना, पेठेतल्या वाड्याचा प्लॉटही रस्त्याला तोंड अरुंद आणि मागे लांबच लांब शेपूट. इंग्लंडातल्या जुन्या बाजारगावांत अगदी हेच, कारण रस्त्याकडचं तोंड सगळ्यांनाच हवं असायचं, मग ते कमी कमी वाटणीला यायचं आणि जागा मागे वाढायची. मग रस्त्यावरून आत जायला दरवाजा, आत चौक, चौकाभोवती खोल्या, सगळ्यात मागे घोडे. आपल्या दरवाजाला मोठ्या दारात छोटी दिंडी असते, माणूस वाकून येतो आणि घोडा-पालखी आली की मोठं दार उघडतं. तिथे सदर, इथे कमानीशेजारच्या खोल्या, जिथून आत येणारा प्रत्येक जण दिसतो.

फरक मात्र मोठा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. वाडा रस्त्याला पाठ करून बसतो, खाली जवळजवळ आंधळी भिंत, शोभा सगळी आत चौकात, खांबांना, कमळांना, महिरपींना. तुम्ही लिहिलंय तसं एंजल बरोबर उलटं, शोभा सगळी बाहेर आणि आत कामापुरतं. घराला लपायचं असतं आणि खाणावळीला दिसायचं असतं. मला तर त्या बाहेर आलेल्या खिडक्या म्हणजे पाटीच वाटतात, रस्त्यावरून येणाऱ्याला लांबूनच तिरकस दिसतात, सपाट भिंत अशी दिसत नाही.

कमानीच्या दोन्ही टोकांना चेहरे आहेत ना? कोणाचे?

ट्रेंटकाठ

@दिंडीदरवाजा, वा, हे पाठ करून बसण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! हो, दोन चेहरे आहेत, मुकुटवाले, एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला राणी. तिसरा एडवर्ड आणि त्याची राणी फिलिपा अशी ओळख पिढ्यानपिढ्या सांगतात. तो राजा १३७७ ला गेला, म्हणजे वरच्या दगडी तोंडाच्या साधारण शंभर वर्षं आधी, त्यामुळे ती ओळख परंपरेची म्हणूनच घ्यावी. चेहरे पावसानं पार झिजलेत, नाकं सपाट झालीत, पण राणीच्या गालाची गोलाई अजून आहे.

बर्मिंगहॅमची वहिनी

आम्ही मागच्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन लडलोला गेलो होतो, तिथलं फेदर्स हॉटेल बघितलंत का कोणी? ते पूर्ण लाकडाचं, काळ्या लाकडाच्या चौकटी आणि मधे पांढरा गिलावा, आणि लाकूड नुसतं उभं-आडवं नाही तर नक्षीच नक्षी, १६१९ सालचं. सासूबाई म्हणाल्या, अगं ही तर आपल्या कोकणातल्या देवळाच्या सभामंडपासारखी कारागिरी, सुतारानं जीव ओतलाय. त्या तिथल्या पायरीवर बसून राहिल्या, आत यायलाच तयार नव्हत्या, म्हणाल्या मला बाहेरूनच बघू दे.

ते ग्रँथमचं दगडी आणि हे लाकडी, असं का? श्रीमंत-गरीब असा फरक का?

ट्रेंटकाठ

@वहिनी, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. श्रीमंती-गरिबीपेक्षा पायाखाली काय आहे याचा फरक. ग्रँथमच्या आजूबाजूला लिंकनशरचा पिवळसर चुनखडीचा दगड आहे, अँकॅस्टरच्या खाणी अगदी जवळ. हा दगड खाणीतून काढल्यावर ओला असतो तेव्हा बऱ्यापैकी मऊ, छिन्नीला ऐकतो, मग वाऱ्यावर वाळून कडक होतो. म्हणून तर छत्रीएवढ्या छताच्या बरगड्या कोरता आल्या. लडलोकडे वेल्सच्या सीमेला ओकची जंगलं, मग सुतारांची चलती. आपल्याकडे देशावर काळा पाषाण आणि कोकणात जांभा, तसंच.

ग्रँथमच्याच सेंट वुल्फ्रम चर्चचा सुळका बघा, सुमारे २८३ फूट, सगळा दगडाचा. ज्या गावात असे पाथरवट होते त्या गावातल्या खाणावळीला असलं तोंड मिळालं यात नवल नाही. आणि या चर्चचा आणि हॉटेलचा एक जुना धागा आहे : एंजलचा मालक मायकेल सॉलोमन यानं १७०६ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं की हॉटेलच्या उत्पन्नातून दरवर्षी ४० शिलिंग द्यायचे, कशासाठी तर चर्चमध्ये दारूच्या व्यसनाविरुद्ध प्रवचन व्हावं म्हणून. स्वतः दारू विकणारा माणूस! पण मला यात विसंगती वाटत नाही, रोज रात्री काउंटरच्या पलीकडून जो बघतो त्यालाच हे सगळ्यात जास्त कळत असणार.

लाकडीपूल

स्टॅमफर्डच्या जॉर्जचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? त्याच ग्रेट नॉर्थ रोडवर ग्रँथमच्या दक्षिणेला वीसेक मैलांवर. मी पीटरबरोला होतो तेव्हा कंपनीच्या जेवणाला गेलो होतो. तिथली पाटी आख्खा रस्ता ओलांडून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीय, फाशीच्या खांबासारखी, खालून आजही बस जाते. आत शिरल्यावर समोरासमोर दोन लाकडी तावदानांच्या खोल्या, एकीवर लंडन लिहिलंय आणि दुसरीवर यॉर्क. त्या वेटिंग रूम होत्या, दक्षिणेला जाणारे एकीत आणि उत्तरेला जाणारे दुसरीत. दिवसाला वीस गाड्या वर आणि वीस खाली. म्हणजे हे एसटी स्टँडच झालं ना, फलाट क्रमांक एक आणि दोन! मला त्या लंडनच्या पाटीखाली उभं राहून स्वारगेटच आठवलं.

पण त्याचं तोंड एंजलसारखं नाही, सरळ सपाट, ओळीनं उभ्या खिडक्या.

ट्रेंटकाठ

@लाकडीपूल, बरोबर, आणि दोन्ही एकामागोमाग बघितली तर तीनशे वर्षांत काय बदललं ते कळतं. एंजल बांधलं तेव्हा प्रवासी मोजके पण मोठे, राजे, सरदार, धर्मगुरू, म्हणून देवदूत आणि मुकुट. स्टॅमफर्डचं तोंड १८व्या शतकातलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे तिकीट काढून येणारा वकील, व्यापारी. त्याला हव्या हवेशीर खोल्या, वेळेवर जेवण आणि गाडी चुकायला नको. मग सारख्या मापाच्या, सारख्या अंतरावरच्या, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या. टपालगाड्या १७८४ मध्ये सुरू झाल्यावर तर सगळा खेळ घड्याळावर गेला, १८३० च्या दशकात लंडनहून एडिनबरा साधारण दोन दिवसांत व्हायचं.

ग्रँथममध्येच याचा दुसरा नमुना होता, जॉर्ज हॉटेल, त्याच हाय स्ट्रीटवर, लाल विटांचं. डिकन्स १८३८ च्या थंडीत यॉर्कशरला जाताना तिथे उतरला होता आणि बायकोला पत्रात लिहिलं की आजवर राहिलो त्यातली ही सगळ्यात चांगली खाणावळ. आणि शाळकरी न्यूटन शेजारीच एका औषधवाल्याकडे राहायला होता. त्या जॉर्जचं आता शॉपिंग सेंटर झालंय. रस्त्यावरून विटांचं तोंड तसंच दिसतं, पण कमानीतून आत गेलं की अंगण नाही, दुकानं. मला ते बघून फार वाईट वाटलं, खरं सांगतो. भिंत राहिली पण इमारत कशासाठी होती ते गेलं. एंजलमध्ये कमानीतून शिरलं की अजून अंगणातच पोचतो आपण.

रात्रपाळी

पण मग धंदा बसला कधी? आणि बसला तर हे टिकलं कसं?

ट्रेंटकाठ

@रात्रपाळी, रेल्वेनं बसवला. ग्रँथमला पहिली लाईन १८५० ला आली आणि लंडनची मुख्य लाईन १८५२ ला. दोन दिवसांचा प्रवास एका दिवसात आला, रात्रीच्या मुक्कामाची गरजच संपली, रस्त्यावरच्या कितीतरी खाणावळी दोन-चार वर्षांत बंद पडल्या. एंजल टिकलं कारण ग्रँथम बाजाराचं गाव, शेतकरी, व्यापारी येत राहिले, आणि रेल्वेही इथेच थांबत होती. पुढे मोटारी आल्या तेव्हा हाच रस्ता ए-वन (A1) महामार्ग झाला आणि कमानीतून आता गाड्यांऐवजी गाड्याच, पण मोटारीच्या. १९६२ मध्ये ए-वन गावाबाहेरून वळवला.

वाईकरीण

दगड मऊ असतो हे वाचून थांबवेना. आमचं वाईला कृष्णाकाठी आजोबांचं घर आहे, खाली दगड, वर विटा, सगळं चुन्यात. दहा वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराच्या सांगण्यावरून आम्ही दर्शनी भिंतीच्या सगळ्या दर्जा, म्हणजे दगड-विटांमधल्या फटी, सिमेंटनं भरून घेतल्या, मजबूत होईल म्हणाला. दोन पावसाळे गेले आणि विटांचे पापुद्रे निघायला लागले, सिमेंट जसंच्या तसं आणि विटा आत आत, मधमाशांच्या पोळ्यासारखी भिंत झाली. आई रोज सकाळी झाडू मारताना लाल भुकटी गोळा करायची. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावून सगळं खरवडून काढलं आणि घाण्यावर मळलेला चुना भरला. तिथे एवढ्या मऊ दगडाचं काय करतात?

दिंडीदरवाजा

@वाईकरीण, वाचून जीव हळहळला, आणि हे मी दर महिन्याला कुठे ना कुठे बघते. कारण सांगते. भिंत आत पाणी ओढतेच, ते कुठून तरी बाहेर पडलं पाहिजे. चुन्याची दर्ज विटेपेक्षा किंवा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, पाणी तिच्यातून बाहेर येतं, बरोबर आलेले क्षार तिथेच साठतात, झिजते ती दर्ज. पाच-पन्नास वर्षांनी नवी भरायची की झालं. सिमेंट भरलं की ती वाट बंद, मग पाणी विटेतूनच बाहेर येतं, क्षार विटेच्या पोटात फुगतात आणि पापुद्रा सुटतो. इंग्लंडात तर वर थंडीत पाण्याचा बर्फ होतो, तो आणखी फोडतो. चुनखडीच्या दगडाला हेच लागू, म्हणून जाणते लोक तिथेही चुनाच वापरतात, आणि झिजलेला दगड बदलायचाच झाला तर शक्य तोवर त्याच जातीचा.

कायदाही कडक आहे. एंजल ग्रेड वन, म्हणजे संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीतल्या सगळ्यात वरच्या वर्गात आहे, आणि इंग्लंडात त्या यादीत असलेल्या सगळ्या इमारतींपैकी फक्त अडीच टक्के या वर्गात आहेत. बाहेरचंच नाही, आतला जिना, दार, छत, कशालाही हात लावायचा तर आधी परवानगी. आपल्याकडे मुंबईत हेरिटेजचे नियम १९९५ ला आले, पण आतल्या चौकाला वाली कोण?

फोर्टचा जावई

मुंबईचं निघालंच आहे म्हणून सांगतो, काळा घोड्याजवळचं जुनं वॉटसन हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन, आठवलं. त्याचा सगळा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून बोटीनं मुंबईत आणला आणि १८६७ ते १८६९ मध्ये जोडला. डिझाइन ऑर्डिशचं, तोच ज्यानं लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छतावर काम केलं. डार्बीशरचा, म्हणजे ट्रेंटकाठ यांच्या शेजारचा. लहानपणी वडिलांबरोबर फोर्टात जायचो तेव्हा त्याच्या खालून चालताना वडील खांबावर टकटक करून दाखवायचे, ऐक, दगड नाही, लोखंड आहे. आज त्याची अवस्था बघवत नाही.

ट्रेंटकाठ

@फोर्टचा जावई, हे फार छान जोडलंत. आणि बघा, वॉटसनमध्ये गाडीसाठी घराच्या पोटातून कमान नाही. गिऱ्हाईक बोटीनं येणार, महिनाभर राहणार, गाडी दारात सोडून निघून जाणार. मग घोड्यांसाठी आत अंगण कशाला? त्याऐवजी चारी बाजूंनी सज्जे, कारण मुंबईत हवा पाहिजे.

बर्मिंगहॅमची वहिनी

येत्या शनिवारी आम्ही ग्रँथमला जायचं ठरवलंय, सासूबाई पण येतायत, त्यांचं विमान पुढच्या आठवड्यात आहे. काय काय बघू ते नीट सांगा.

ट्रेंटकाठ

@वहिनी, स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं, सासूबाईंना जमत नसेल तर टॅक्सी घ्या. आधी रस्त्यापलीकडे उभ्या राहा, बस गेली की मधल्या दोन मिनिटांत आख्खं तोंड दिसतं. मग कमानीत जाऊन बरोबर मधे थांबा, मान वर करा, देवदूत बाहेरच्या बाजूला आहे तेव्हा रस्त्याच्या कडेला यायला लागेल. चेहरे दोन्ही टोकांना, राणीचा गाल बघा. अंगणात जाऊन मागे वळा, विटा दिसतील. मग आत जाऊन खिडकीच्या कोनाड्यातलं टेबल मागा, चहा सांगा, आणि सासूबाईंना छताखाली बसवा. त्यांचा हात पोचत नसेल तर तुम्ही बोट लावून बघा आणि त्यांना सांगा कडा कशी लागते ती.

बर्मिंगहॅमची वहिनी

वाचून दाखवलं त्यांना. म्हणाल्या, मी खुर्चीवर उभी राहीन पण हात लावणारच.